आपल्या भगिनी मैदानावर कशा येतील?
मोबाईलवरच्या निरोपाचे नियोजन



गेल्या वर्षी हंगाम सुरू होण्याआधी आपल्या क्रीडा समितीने कार्यक्षेत्रातील मुली व महिलांसाठी खो-खो, कबड्डी आणि धावण्याच्या स्पर्धा ठरविल्या होत्या. सर्व गटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप गेला. सोबत रंगीत पत्रक होते, त्यावर मान्यवरांचे फोटो होते. आठ दिवस अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा नुसता पाऊस पडला. नावे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली, आणि तीही बहुतेक एकाच शाळेतली. खो-खोचे दोन संघ उभे राहीनात, म्हणून स्पर्धा रद्द करावी लागली. समितीच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "बायकांना खेळाची आवडच नाही, त्याला आपण काय करणार?"

ते वाक्य मला लागले. मी शाळेत सत्तावीस वर्षे मुलींना खेळ शिकविला. यजमानांच्या पश्चात शेअर माझ्या नावावर आला, तेव्हापासून मीही आपल्यासारखीच एक सभासद आहे. मी विचारले, "आवड नाही हे कुणाला विचारून ठरवलं?" कोणी काही बोलले नाही, कारण विचारले कोणीच नव्हते. मग हे काम समितीने माझ्यावर व दोन भगिनींवर सोपविले. आम्ही काय पाहिले आणि पुढे काय करावयाचे ठरविले, ते आपणापुढे मांडते.

निरोप अडला कोठे?

प्रथम आम्ही एका गट ऑफिसात सभासदांची यादी घेऊन बसलो. महिला सभासदांची नावे बरीच होती. पण नावापुढचा मोबाईल नंबर पाहिला, तर कुठे मुलाचा, कुठे दिराचा, कुठे पुतण्याचा! ऊस तिच्या नावावर, नोंद तिच्या नावावर, आणि निरोप मात्र दुसऱ्याच्या खिशात. गटाच्या ग्रुपवर तर सगळा पुरुषांचाच राबता. तोडणीची तारीख, टोळी कधी येणार, वजनकाट्यावर किती गाड्या उभ्या आहेत, याच गोष्टी तिथे चालतात. त्यात आमचे पत्रक पाचटात सुई पडावी तसे हरवले. एका आजींनी तर सरळच सांगितले, "अगं बाई, तो फोन पोराकडं असतोय. त्यानं वाचलं आसंल, मला कुठं सांगितलं?"

हे केवळ आपल्याच भागात आहे असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. ग्रामीण भागात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या महिला २४.६ टक्के, तर पुरुष ४८.७ टक्के होते. म्हणजे खेड्यात निरोप फक्त इंटरनेटवर टाकला, तर त्या काळी चारांतल्या एकीच्या आसपासच तो पोचण्याची शक्यता होती. त्यानंतर स्मार्टफोन वाढले हे खरे, पण आमच्या आजींचा अनुभव आजचा आहे.

आधी माती परीक्षण

आपण लागणीपूर्वी माती तपासून घेतो, मगच खताची मात्रा ठरवितो. निरोपाचेही तसेच आहे. याचे एक मोठे उदाहरण इंग्लंडमधले आहे. तेथील खेळाला चालना देणाऱ्या स्पोर्ट इंग्लंड या सरकारी संस्थेला असे दिसले की, १४ ते ४० वयोगटात नियमित खेळणाऱ्या महिला पुरुषांपेक्षा सुमारे २० लाखांनी कमी आहेत. तेथेही कोणीतरी म्हणालेच असेल की बायकांना आवड नाही. पण त्यांनी महिलांनाच विचारले, तेव्हा शंभरांतल्या ७५ जणी म्हणाल्या की आम्हाला अधिक हालचाल, अधिक खेळ हवा आहे. मग अडते कुठे? तर लोक काय म्हणतील या भीतीपाशी. आपण घामेजलेल्या कशा दिसू, आपल्याला नीट खेळता येईल का, आणि घरची कामे टाकून ही खेळते कशी असे कोणी म्हणेल का, अशी ती तिहेरी भीती होती.

हे समजल्यावर त्यांनी जानेवारी २०१५ मध्ये 'धिस गर्ल कॅन', म्हणजे 'ही मुलगी करू शकते', या नावाची मोहीम काढली. त्यात नामांकित खेळाडू किंवा सडपातळ मॉडेल घेतल्या नाहीत. जाड, बारीक, तरुण, प्रौढ अशा साध्या महिला घामाघूम होऊन, धापा टाकत खेळताना दाखविल्या. ती फिल्म दूरदर्शन संचावर लागली आणि मग फेसबुक, ट्विटर, यूट्यूबवरून हातोहात पसरली, कारण पाहणारीला वाटले, ही तर माझ्यासारखीच आहे! वर्षभरानंतरच्या पाहणीत सुमारे २८ लाख महिलांनी सांगितले की, ही मोहीम पाहून आम्ही खेळ किंवा व्यायाम सुरू केला वा वाढविला. हा त्यांनी स्वतः सांगितलेला आकडा आहे, मैदानावर मोजलेला नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही विचारून मगच बोलण्याची ती रीत आपण उचलण्यासारखी आहे.

आपल्या भगिनी काय म्हणाल्या?

मग आम्ही विचारायला निघालो. बचत गटाच्या बैठका, हळदी-कुंकू, दूध डेअरीची रांग, शाळेचा व्हरांडा, जिथे बायका भेटतील तिथे गेलो. प्रश्न एकच: "खेळावंसं वाटतं का, आणि वाटत असेल तर अडतं कशानं?"

वाटत नाही असे म्हणणाऱ्या थोड्याच निघाल्या. अडण्याची कारणे मात्र अशी आली, की ती ऐकून समितीच्या सभासदांनी माना खाली घातल्या. "मैदानावर बायकांसाठी संडास नाही." "संध्याकाळी दिवे नसतात, परत यायचं कसं?" "कट्ट्यावर पोरं बसून असतात." "हाफ पँट घालायला लावणार असाल तर सासूबाई पाठवायच्या न्हाईत." "पाळी असली की काय करायचं, विचारायचं कुणाला?" आणि दोन-तीन लेकरांच्या आया हळूच म्हणाल्या, "स्पर्धा नको बाई, नुसतं खेळायला मिळालं तरी चालंल."

यातल्या निम्म्या अडचणी मोबाईलने सुटणाऱ्या नाहीत. फडात ऊसच नसेल तर टोळी पाठवून काय उपयोग? म्हणून समितीची पहिली मागणी व्यवस्थापनाकडे आहे: मैदानालगत महिलांसाठी पाण्यासह स्वच्छतागृह, दोन दिवे, आणि आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाच ते साडेसहा हा वेळ फक्त महिलांचा. हे झाल्याखेरीज एकही निरोप सोडावयाचा नाही असे आम्ही ठरविले आहे.

एका मुलीची गोष्ट

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझ्या हाताखाली खो-खो शिकलेली एक मुलगी होती. नाव सांगत नाही. खांबावर सूर मारण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. दहावीला असताना तिचा सामन्यातला फोटो कोणीतरी कौतुकाने गावच्या ग्रुपवर टाकला. टाकणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण खाली चार टवाळांनी नको ते लिहिले, फोटो दुसऱ्या गावांत फिरला. वडिलांनी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी मैदानावर आली नाही. मी दोनदा घरी गेले. वडील म्हणाले, "बाई, खेळाला माझी ना नाही. पण गावाच्या तोंडाला कोण झाकण घालणार?" त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते.

जे साधन मुलींना मैदानावर बोलावू शकते, तेच बेफिकिरीने वापरले तर त्यांना घरी बसवू शकते. पुढील आराखडा हे डोळ्यांसमोर ठेवूनच केला आहे.

आराखडा

एक. निरोप कोणाला? सर्वांना म्हणून सोडलेला निरोप कोणालाच लागत नाही. आम्ही तीन वर्ग केले आहेत: शाळा-कॉलेजच्या मुली, तरुण सुना व लेकरांच्या आया, आणि पन्नाशीच्या पुढच्या भगिनी. मुलींना स्पर्धा हवी, आयांना मोकळा वेळ व सोबत हवी, वडीलधाऱ्यांना गुडघ्यांना सोसेल असे चालणे हवे. तिघींचा निरोप वेगळा. आणि चौथा निरोप घरच्या पुरुषांना, कारण फोन बऱ्याचदा त्यांच्याच हाती आहे: "हा निरोप घरातल्या ताईंना, वहिनींना ऐकवा."

दोन. कोणाच्या आवाजात? मान्यवरांचे फोटो बंद. लेखी मजकूर थोडा, आवाजातला निरोप जास्त. ज्या गावाला निरोप, त्याच गावच्या भगिनीचा आवाज आणि तिचीच बोली. अक्षरओळख कमी असलेल्या भगिनींनाही तो ऐकता येतो.

तीन. कोठे? आयांसाठी व वडीलधाऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप, मुलींसाठी इन्स्टाग्राम व यूट्यूबवरील छोटे व्हिडिओ. साध्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सर्वांना दिसतो, हे अनेकींना माहीत नसते. म्हणून गटाच्या जुन्या ग्रुपमध्ये कोणाला घालावयाचे नाही. गावागावांत फक्त महिलांचे छोटे ग्रुप, त्यांची चालक गावचीच एक जबाबदार भगिनी, आणि प्रत्येकीला विचारूनच तिचे नाव घालावयाचे. जिच्याकडे फोन नाही तिचा निरोप बचत गटाच्या अध्यक्षांनी तोंडी पोचवावयाचा.

चार. केव्हा? सकाळी सहाला पाठविलेला 'शुभ सकाळ' कोण वाचते? त्या वेळी चूल, धारा, डबे. दुपारी दोन ते तीन आणि रात्री साडेनऊनंतर, भांडी झाल्यावर, या दोनच वेळा बायकांनी सांगितल्या. निरोप आठवड्यातून दोनदाच. रोजच्या रतीबाला कोणी विचारीत नाही.

पाच. काय पाठवावयाचे? कारखान्याच्या कौतुकापेक्षा उपयोगाचे. सलवार-कमीजवर खेळता येईल का (येईल), पाळीच्या दिवसांत खेळावे का (झेपेल तितके जरूर खेळावे, त्रास असेल तर विश्रांती घ्यावी), सोबत कोण असेल, परत कसे यायचे. त्याबरोबर आपल्याच मातीतली उदाहरणे. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिन येथे १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरविले. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्या संघाची उपकर्णधार सांगलीत वाढलेली स्मृती मानधना होती. ही नावे मुलींना सांगावीतच. पण इंग्लंडचा धडा विसरू नये: जगज्जेती पाहून मान ताठ होते, तर शेजारीण खेळताना पाहिली की पाय हलतात. म्हणून दोन्ही दाखवावयाचे, शेजारणीला जास्त.

सहा. फोटोचा नियम. ज्या भगिनीचा फोटो, तिच्या परवानगीशिवाय तो कोठेही जाणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक धरले असून त्यांची माहिती वापरण्यास पालकांची संमती सांगितली आहे. समिती ती लेखी घेईल. मुलीचे नाव, शाळा आणि सरावाची वेळ फोटोखाली एकत्र छापली जाणार नाही. समितीच्या पानावर वावगे लिहिणाऱ्याचा मजकूर तत्काळ काढला जाईल, आणि प्रकरण गंभीर असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर व पोलिसांकडे तक्रार केली जाईल. ती करण्याची जबाबदारी मुलीच्या बापावर न टाकता समिती स्वतः घेईल.

सात. मोजमाप. साखरेचा उतारा पोत्यांच्या फोटोवरून काढीत नाहीत. तसेच किती अंगठे आले हे आम्ही मोजणार नाही. पहिल्या आठवड्यात किती जणी मैदानावर आल्या, आणि तिसऱ्या महिन्यात त्यांतल्या किती टिकल्या, एवढेच वहीत लिहावयाचे. न येणारीला रागावयाचे नाही, कारण विचारावयाचे.

शेवटची विनंती

पावसाळा संपेपर्यंत मैदानाची सोय, दसऱ्याला पहिला निरोप, आणि स्पर्धा एकदम पुढच्या वर्षी, असा क्रम धरला आहे. घाई करून उपयोग नाही. हे पीक आडसालीचे आहे.

सभासद बंधूंना एवढेच सांगणे की, आपल्या नोंदीतील घरच्या भगिनीचा स्वतःचा नंबर असेल, तर तिला विचारून तो गट ऑफिसात लिहून द्यावा. नसेल तर निरोप तिला वाचून दाखवावा. तिने जायचे की नाही हे तिला ठरवू द्यावे.

त्या मुलीचे आता लग्न झाले आहे, आणि ती आपल्याच कार्यक्षेत्रात नांदते. आम्ही विचारपूस करीत तिच्या वाडीवर गेलो, तेव्हा तिने सर्वांदेखत काही सांगितले नाही. निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बाई, फोटो काढणार नसाल तर मी येते."

तिचे नाव वहीत पहिले लिहिले आहे. खालची पाने आपण भरावयाची आहेत.