गोचीड कुणाला चावते?

काजूचा हंगाम फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतो तो मेपर्यंत चालतो. दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरउतारांवर या दिवसांत सकाळपासून माणसं बागेत असतात, त्यांत बायका पुष्कळ. झाडाखालचा पातेरा हातानं सारायचा, गळलेली बोंडं उचलायची, बी पिरगळून वेगळी करायची. नेमक्या याच महिन्यांत हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीची तिळाएवढी, अर्धवट वाढलेली पिल्लं त्याच पातेऱ्यात रक्ताच्या शोधात असतात. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात तिच्या चाव्यातून होणारा माकडताप आढळला, २०१६ च्या आरंभी दोडामार्गच्या केर गावात, पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात. रुग्णांमध्ये काजूच्या बागांत राबणारे बरेच होते.

या तापात एकाएकी थंडी वाजते, डोकं असह्य दुखतं, अंग मोडून येतं. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. नेमकं औषध नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही, त्यामुळे आजारी पडायला गोचीड असते त्या जागी जावंच लागतं. तिथं कोण जातं आणि का जातं, हे समजून घेतल्याशिवाय हा रोग कळत नाही, असं माझं मत आहे.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं याच तापानं फणफणली. सुरुवातीला पीतज्वराची धास्ती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं (आताची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) शोध घेतला, तेव्हा विषाणू रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या नात्यातला निघाला. पुढे जॉर्ज बोशेल या कोलंबियन डॉक्टरनं तिथं काम केलं. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखनात माकडांइतकंच लक्ष शेतीकडे आणि गुरांकडे आहे. वस्ती वाढली, भातासाठी जंगल मागे हटलं, गुरं रानात चरू लागली. गुरांच्या अंगात हा विषाणू फारसा वाढत नाही, पण पूर्ण वाढलेल्या गोचीड मादीला अंडी घालण्याआधी पोटभर रक्त लागतं आणि ते गाईम्हशी आयतं पुरवतात. पोट भरलं की ती गळून पडते आणि हजारो अंडी घालते. म्हणजे गोचिडींची संख्या गुरांवर वाढते, विषाणू माकडांत फोफावतो आणि चावा बसतो तो गुराख्याला, लाकूडफाटा आणणारीला. मेलेल्या माकडाचं अंग थंड पडलं की त्यावरच्या गोचिडी उतरून भोवती पसरतात. ती जागा पुढे बराच काळ धोक्याची राहते. बंदीपूरच्या व्याघ्रप्रकल्पात २०१२ मध्ये अशा माकडांची विल्हेवाट लावणाऱ्या वनकर्मचाऱ्यांनाच लागण झाली.

जंगल तोडून काजू लावण्याशी या तापाचं नातं जुनं आहे. दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात १९८२-८३ च्या सुमारास मोठी साथ आली, त्याआधी तिथलं जंगल काजूसाठी साफ केलेलं होतं. दाट, अखंड रानापेक्षा रान, बागा आणि वस्ती यांची सरमिसळ असते तिथं धोका अधिक, असं अलीकडचे अभ्यासही सांगतात. दोडामार्गातही डोंगर साफ करून रबर आणि अननस लावले गेले. त्या जमिनीचा व्यवहार करणारा माणूस बागेत वाकून बी वेचत नाही.

गरिबी माणसाला रानात कशी ढकलते, याचा पुरावा फार दूर, बाल्टिक देशांत मिळतो. १९९१ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया स्वतंत्र झाले. सामूहिक शेती मोडली, नोकऱ्या गेल्या. १९९३ च्या सुमारास तिथं गोचीडजन्य मेंदूज्वराचे रुग्ण एकदम वाढले. ऑक्सफर्डच्या सारा रँडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हवामानातल्या बदलानं एवढी वाढ समजत नाही. पोटासाठी अळंबी आणि रानफळं गोळा करायला लोक जंगलात अधिक जाऊ लागले होते.

आपल्याकडे फाटी आणि पातेरा ही तशीच गरज आहे. पातेरा गोठ्यात अंथरायला लागतो, खताला लागतो, भाजावळीला लागतो. कर्नाटकातल्या एका पाहणीत अंगणात वाळक्या पानांचे ढीग असणाऱ्या घरांना धोका जास्त आढळला. म्हणून ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला मला निष्ठुर वाटतो. चूल कशावर पेटवायची, याचं उत्तर त्यात नाही.

लसही अशाच माणसाला चुकली. महिन्याच्या अंतरानं दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा, मग पाच वर्षं दरसाल एक. वर टोचल्यावर आग व्हायची. दोन डोसांनी साधारण ६२ टक्के, तिसऱ्यानंतर ८३ टक्के संरक्षण मिळत असल्याचं कर्नाटकातल्या अभ्यासात दिसलं होतं. पण आज या बागेत, उद्या त्या बागेत असणाऱ्या मजुरानं हे वेळापत्रक पाळायचं कसं? २०२२ मध्ये कर्नाटकानं ती लस देणंच थांबवलं. नव्या लसीचं काम सुरू आहे.

तोवर गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचं डेपा तेल, कामावरून आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात टाकणं, एवढीच साधनं हाताशी आहेत. ऐन हंगामात खाडा म्हणजे मजुरी बुडणं, म्हणून पहिले तीन-चार दिवस ताप अंगावर काढला जातो, आणि मग सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीचं रुग्णालय गाठायची धावपळ होते. तेलाची बाटली आणि तापातल्या दिवसांची मजुरी बागमालकानं हंगामाच्या खर्चातच धरायला हवी, आणि बाहेरगावाहून तीन महिन्यांसाठी आलेल्या मजुरांचीही नावं आरोग्य सेविकेच्या वहीत डिसेंबरपासून चढायला हवीत.