वार कोणाचा, बचाव कोणाचा?

प्रथम हात कोणी उगारला, हे इंग्रजीत पुष्कळदा शब्दच ठरवून टाकतो. 'अटॅक' दुसऱ्याचा; आपला तो 'डिफेन्स', फार तर 'काउंटर-अटॅक'. नागपूरकरांना याचा दाखला घरबसल्या मिळतो. 26 व 27 नोव्हेंबर 1817 रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर कंपनीची फौज अप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याशी लढली. इंग्रजी लेखकांनी त्या लढाईला 'सीताबर्डीचा डिफेन्स' म्हटले. टेकडी भोसल्यांच्या राजधानीतली, बचाव मात्र इंग्रजांचा! ती फौज 1816 च्या तहान्वये आली होती, हे खरे. पण तैनाती फौजेचा तह हाच मुळात वार होता, ही बाजू त्या शब्दात मावत नाही.

ही लकब तोफांपुरती नाही. 2 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेने जाहीर केलेल्या आयातकरांना 'रेसिप्रोकल' हे विशेषण लावले गेले. वस्तुतः भारतावरील 26 टक्क्यांचा दर व्यापारी तुटीला आयातीने भागून, त्याची निमपट करून काढलेला. भारताच्या करांचे त्या सूत्रात नावही नव्हते. तरी मराठी वृत्तपत्रांनी 'जशास तसे शुल्क' असे बिनदिक्कत छापले आणि पहिली आगळीक भारताची, हे मथळ्यातच मान्य करून टाकले.