कलत्या फळीवरचा न्याय

एखादा खेळ जुगार केव्हा ठरतो आणि कौशल्य केव्हा, हा प्रश्न नीतिशास्त्राचा वाटतो. परंतु १९७६ साली न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने त्याचा निकाल एका यंत्रावर लावला. ते यंत्र म्हणजे पिनबॉल. महापौर ला गार्डिया यांच्या पुढाकाराने १९४२ मध्ये त्यावर बंदी आली होती, आणि जप्त यंत्रे ते स्वतः घणाने फोडत असल्याची छायाचित्रे गाजली होती.

महापौरांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. त्या काळी दांडा ओढून गोळी सोडली, की ती खिळ्यांवर आपटत कोणत्या खळग्यात पडेल हे बहुतांशी दैवाधीन असे. पिनबॉलचा पूर्वज जो बगाटेल, त्याचा पाट ज्याने हाताळला आहे त्याला ही अगतिकता ठाऊक असेल. १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या ‘हम्टी डम्टी’ यंत्रात मात्र बटणाने हलणारे फ्लिपर आले आणि खेळाचा स्वभावच पालटला. घरंगळणारी गोळी आता परतवता येऊ लागली.

जुन्या यंत्राची खरी गोडी येथेच आहे. सुमारे ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी फ्लिपरवर क्षणभर थोपवावी. ती टोकाकडे किती सरकली यावर टोल्याची दिशा ठरते. यंत्राला हलकासा धक्का देण्याचीही मुभा असते. मात्र तो जोराचा झाला, की आतला लोंबता दोलक भोवतीच्या कड्याला टेकतो, ‘टिल्ट’ची पाटी उजळते आणि फ्लिपर निर्जीव होतात. मोह आणि संयम यांची इतकी रोकठोक परीक्षा क्वचितच कोणी घेत असेल! उत्तम यंत्रात गोळी गमावली तरी दोष आपलाच वाटतो. म्हणूनच हात पुन्हा खिशातल्या नाण्याकडे वळतो.

नगर परिषदेपुढे रॉजर शार्प या तरुण पत्रकाराने गोळी वरच्या मधल्या वाटेनेच जाईल, असे आधी सांगून दांडा ओढला. ती तशीच गेली आणि बंदी उठली. त्या फटक्यात नशिबाचाही वाटा होता, हे पुढे शार्प यांनीच मान्य केले. या कबुलीने निकाल खोटा ठरत नाही. दैव पुसून टाकणे कोणत्याच कौशल्याला साधत नाही. त्याला थोडे वळवता आले, तरी खेळ सार्थकी लागला म्हणायचा.