कात्री, खळ आणि कळफलक

अमरावती अथवा अकोला जिल्ह्यातील एखाद्या तहसील कचेरीत किंवा सेवा केंद्रात थोडा वेळ उभे राहिल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. संगणकावर बसलेला कर्मचारी नवा अर्ज वा पत्र पहिल्या अक्षरापासून क्वचितच लिहितो. कालच्या कागदाचा मजकूर तो उचलतो, नव्या कागदावर आणून ठेवतो आणि नाव, गाव, गट क्रमांक तेवढे बदलतो. दोन बोटांच्या हालचालीत हे काम उरकते. ही हालचाल आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काय घडते, आणि ती चुकल्यास कोणाचे नुकसान होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे हे तिन्ही शब्द संगणकाने छापखान्याकडून व संपादकाच्या टेबलावरून उसने घेतले आहेत. ऑफसेट छपाईच्या काळात वृत्तपत्रांच्या कार्यालयांत बातमीचा मजकूर लांब पट्ट्यांवर येत असे. पेस्टिंग करणारा कारागीर ब्लेडने त्या पट्ट्या कापून पानाच्या आराखड्यावर चिकटवी. एखादी बातमी उशिरा आली की चिकटवलेली पट्टी सोडवून दुसरीकडे लावावी लागे आणि त्यात ओळ वाकडी झाली तर दुसऱ्या दिवशी ती गावभर दिसे. लेखकही हस्तलिखिताचे परिच्छेद कात्रीने कापून खळीने नव्या क्रमाने जोडीत.

ही कृती संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे श्रेय मुख्यत्वे लॅरी टेस्लर या अमेरिकी संगणकतज्ज्ञाकडे जाते. १९७० च्या दशकाच्या मध्यास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात टेस्लर व त्यांचे सहकारी टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाचा मजकूर-संपादक तयार केला. तो पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेसाठी होता. तेथील संपादक कात्री व खळ कशी वापरतात हे आधी पाहून मगच त्यांनी आज्ञा ठरवल्या. त्यापूर्वीच्या संपादकांत एकच कळ कधी अक्षर उमटवी, तर कधी आज्ञा बजावी. त्या केंद्रातीलच ‘ब्राव्हो’ या संपादकाविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. लिहिण्याची अवस्था सुरू न करता कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकित केला, तर पहिल्या अक्षराने सारा मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने तो पुसला जाई, तिसऱ्याने लेखन सुरू होई आणि पडद्यावर ‘टी’ हे एकटे अक्षर उरे. अवस्थाबदलाचा हा धोका टेस्लर यांनी आयुष्यभर विरोधाचा विषय मानला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

आज ज्या कळा आपण दाबतो त्या ॲपल कंपनीच्या १९८३ मधील ‘लिसा’ संगणकापासून रूढ झाल्या. कळफलकाच्या खालच्या ओळीतील झेड, एक्स, सी आणि व्ही ही अक्षरे लागोपाठ आहेत आणि डाव्या हाताच्या टप्प्यात येतात. एक्स म्हणजे मजकुरावर मारलेली फुली, सी हे नक्कल या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर, आणि व्ही ही ओळीत शब्द घुसवताना लेखनिक काढतो त्या खुणेसारखी. झेड केलेली कृती मागे घेते. या चारांत सर्वांत उपकारक कोणती, असे विचारल्यास प्रस्तुत लेखक झेडचेच नाव घेईल.

परंतु सर्वच संपादकांनी ही अक्षरे स्वीकारली नव्हती. १९८० च्या दशकात भारतीय कार्यालयांत वर्डस्टार या संपादकाचा मोठा प्रसार होता. त्यात कंट्रोल कळेसह एक्स दाबल्यास मजकूर कापला जात नसे, तर खूण एक ओळ खाली उतरे. सी दाबल्यास पुढचे पान येई. मजकूर हलवण्यासाठी आधी त्याच्या आरंभी व शेवटी खुणा करून मग कंट्रोल-के व व्ही दाबावे लागे. नक्कल हवी असल्यास कंट्रोल-के व सी. १९७६ पासून चालत आलेल्या ‘व्हीआय’ या संपादकात दोनदा डी दाबल्यास ओळ कापली जाते, दोनदा वाय दाबल्यास तिची नक्कल होते आणि पी दाबल्यास ती खाली उमटते. ‘ईमॅक्स’ मध्ये कापण्यासाठी कंट्रोल-डब्ल्यू व चिकटवण्यासाठी कंट्रोल-वाय आहे. तेथे सवयीने कंट्रोल-एक्स व लगेच कंट्रोल-सी दाबणाऱ्याचा संपादकच बंद होऊ लागतो. आजही सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना या जुन्या संपादकांशी गाठ पडते. ज्यांना नव्या सवयी सोडवत नाहीत त्यांच्यासाठी ईमॅक्समध्ये रूढ कळा चालू करण्याची सोय आहे. मजकूर निवडलेला असेल तेव्हाच तेथे एक्स व सी या कळा कापण्याचे व नकलेचे काम करतात. एरवी त्यांचा जुना अर्थ कायम राहतो. तडजोड म्हणून ही युक्ती फार चांगली आहे.

मराठी लिहिणाऱ्यास एक शंका हमखास येते. कळफलक मराठीवर असताना इंग्रजी अक्षरांच्या आज्ञा कशा द्यावयाच्या? विंडोज प्रणालीत कळफलक बदलण्याची गरज नसते. इन्स्क्रिप्ट रचनेत एक्सच्या जागी अनुस्वार, सीच्या जागी ‘म’ आणि व्हीच्या जागी ‘न’ येतो. कंट्रोलसह अनुस्वाराची कळ कापते, ‘म’ नक्कल करतो, ‘न’ चिकटवतो.

खरी अडचण आहे ती जुन्या फॉन्टांची. युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी टंकलेखन झालेल्या मजकुरात संगणकाच्या लेखी मराठी अक्षरे नसतातच. असतात ती इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची सांकेतिक रूपे. फॉन्ट त्यांना मराठी वेष चढवतो. असा मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की वेष गळून पडतो आणि अर्थहीन चिन्हांची रांग उरते. अनेक छापखान्यांतील व कार्यालयांतील जुन्या धारिका अशाच आहेत. नक्कल करण्यापूर्वी त्या रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि नंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत.

नकलेतील चुकीचा इतिहास या भूमीला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राच्या हस्तलिखित प्रती पिढ्यानपिढ्या उतरवल्या गेल्या, आणि आज अभ्यासकांसमोर त्याचे अनेक पाठ आहेत. हाताने उतरवणाऱ्याची नजर दोन ओळींत सारखा शब्द आला की घसरते आणि मधला मजकूर गळतो. संगणकाची चूक याच्या उलट असते. तो काहीच गाळत नाही. कालच्या अर्जदाराचे वडिलांचे नावही तो इमानाने आज आणून ठेवतो. दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या कागदावर मूर्तिजापूरचा गट क्रमांक राहिला, तर पीक कर्जाच्या प्रकरणात त्याला पुन्हा हेलपाटे घालावे लागतात आणि एका दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून भरलेल्या कागदाची नक्कल न करता नाव, गाव, क्रमांक यांच्या जागा कोऱ्या ठेवलेला नमुना वेगळा जपावा. कोरी जागा चटकन दिसते, चुकीचे नाव दिसत नाही. कापलेला मजकूर क्लिपबोर्ड नावाच्या अदृश्य पाटीवर राहतो आणि या पाटीवर सहसा एकच मजकूर मावतो. दुसरा उचलला की पहिला पुसला जातो. त्यामुळे कापल्यावर आधी चिकटवावे, मगच दुसऱ्या कामास हात घालावा. २०१८ पासून विंडोजमध्ये विंडोज कळेसह व्ही दाबून मागील पंचवीस नोंदींपर्यंत पाहण्याची सोय झाली आहे. ती एकदा सुरू करावी लागते. मात्र सेवा केंद्रातील संगणकावर या नोंदींत लोकांचे आधार क्रमांक व बँक खाते क्रमांकही साठून राहतात. अशा ठिकाणी ती सोय बंद ठेवावी, आणि सुरू असल्यास प्रत्येक अर्जदाराचे काम संपताच नोंदी पुसून टाकाव्यात.