सिम्युलेटर ऐकत नाही, की माईक सांगत नाही?

‘गिअर अप’ म्हटलं, काहीच झालं नाही. पुन्हा म्हटलं, तर फ्लॅप्स खाली आले. आवाजावर चालणारं फ्लाइट सिम्युलेटर ज्याने वापरलंय त्याला हे नवीन नाही. घरी खेळताना असं झालं तर माणूस वैतागतो, माईक काढून परत लावतो आणि पुढे जातो. पण हेच सिम्युलेटर तुम्ही प्रयोगासाठी वापरणार असाल, तर मामला वेगळा. विषय वैमानिकावरच्या ताणाचा असो, बटणं विरुद्ध आवाज अशा तुलनेचा असो किंवा भारतीय उच्चार यंत्राला किती कळतात याचा. चुकलेली प्रत्येक आज्ञा तुमच्या एक्सेल शीटमध्ये एक आकडा होऊन बसते. तो आकडा माणसाबद्दल काही सांगतोय की साउंड कार्डाबद्दल, हे नंतर सांगता येत नाही.

एक उदाहरण घ्या. समजा तुम्हाला दाखवायचंय की कामाचा ताण वाढला की आवाजी आज्ञा जास्त चुकतात. ताण सगळ्यात जास्त कधी असतो? उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी. आणि सिम्युलेटरमध्ये इंजिन सगळ्यात मोठ्याने कधी ओरडतं? उड्डाणाच्याच वेळी. इंजिनाचा आवाज स्पीकरवर सोडलेला असेल तर तो सरळ माईकमध्ये शिरतो आणि ओळख बिघडते. तुमचा आलेख अगदी हवा तसा येईल, फक्त त्याचं कारण ताण नसून टेबलावरचे स्पीकर असतील. म्हणून माईकची सेटिंग ही ‘टेक्निकल भानगड’ समजून लॅब असिस्टंटवर सोडू नका. ती तुमच्या संशोधन पद्धतीचाच भाग आहे.

आता नेमकं कुठे बिघडलंय ते कसं शोधायचं? आवाजाचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. तोंड, मग हवा, मग माईक, मग आवाजाचे आकडे करणारं साउंड कार्ड किंवा यूएसबी हेडसेटमधली चिप, मग विंडोज, मग शब्द ओळखणारं इंजिन, मग त्या शब्दावरून कळ दाबणारं सॉफ्टवेअर आणि शेवटी सिम्युलेटर. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेनबरोबर व्हॉइसअटॅक वापरणारे पुष्कळ आहेत, तिथे साखळी साधारण अशीच असते. बहुतेक जण या साखळीच्या एका टोकाला सुरुवात करून दिसेल ते सेटिंग बदलत सुटतात. तसं करू नका. साखळी मधोमध तोडा.

ती तोडायची सोपी जागा म्हणजे विंडोज. साधं व्हॉइस रेकॉर्डर किंवा ऑडॅसिटी उघडा, ज्या दहा-वीस आज्ञा वापरणार आहात त्या रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून स्वतःच्या कानांनी ऐका. रेकॉर्डिंगच खराब असेल तर दोष अलीकडे आहे: माईक, अंतर, गेन, ड्रायव्हर. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर दोष पलीकडे: ओळखणारं इंजिन, कळा, सिम्युलेटर. पाच मिनिटांचं काम, पण अर्धी साखळी संशयातून मोकळी होते. पलीकडच्या अर्ध्या भागासाठीही अशीच युक्ती आहे. सिम्युलेटर बंद ठेवा, नोटपॅड उघडा आणि आज्ञा द्या. आज्ञेला जोडलेलं अक्षर नोटपॅडमध्ये उमटलं तर ओळख आणि कळ दोन्ही ठीक आहेत, गडबड सिम्युलेटरच्या दारात आहे. अशा वेळी एक कारण हमखास तपासा: सिम्युलेटर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालू आहे आणि व्हॉइसअटॅक साध्या अधिकाराने, असं आहे का? तसं असेल तर विंडोज त्या कळा आत पोचू देत नाही. लोक यासाठी तीन-तीन माईक बदलतात!

विंडोजमधली नेहमीची ठिकाणं

रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण शांतता असेल तर आधी प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲप्सना माईकची परवानगी आहे का बघा. मग डिफॉल्ट डिव्हाइस. विंडोजमध्ये ‘डिफॉल्ट’ आणि ‘डिफॉल्ट कम्युनिकेशन’ अशी दोन वेगळी पदं असतात आणि ती दोन वेगवेगळ्या माईकना मिळालेली असू शकतात. वेबकॅमला माईक असतो, व्हीआर हेडसेटला असतो, लॅपटॉपला तर असतोच. यूएसबीची वायर काढून दुसऱ्या पोर्टात लावली तरी हे पद हलू शकतं. तुम्ही हेडसेटमध्ये बोलताय आणि यंत्र दोन फुटांवरच्या वेबकॅममधून ऐकतंय, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच जास्त घडतो. तपासायला माईकच्या जाळीवर नखाने हलकेच खाजवा आणि कुठल्या माईकची पट्टी उडते ते पाहा.

त्याच खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब असतो. कॉल सुरू आहे असं विंडोजला वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणायचे, असं तिथे मुळातच निवडलेलं असतं. त्यामुळे प्रयोगाच्या मध्येच इंजिनाचा आवाज बसतो आणि सहभागी गोंधळतो. ‘डू नथिंग’ निवडून मोकळे व्हा. सॅम्पलिंग रेट ४४.१ किलोहर्ट्झ ठेवायचा की ४८, यावर मात्र वाद घालत बसू नका. बोलण्यासाठी दोन्ही पुरून उरतात.

सॅम्पलिंग रेट जिथे खरोखर मारतो ती जागा म्हणजे ब्लूटूथ हेडसेट. नुसतं ऐकताना ब्लूटूथ चांगल्या दर्जाचा आवाज देतं, पण त्याचा माईक उघडला की जुन्या पद्धतीत ते फोन कॉलच्या मोडमध्ये जातं. तिथे सॅम्पलिंग रेट ८ किलोहर्ट्झ, फार तर १६. नायक्विस्टचा नियम तुम्ही शिकलाच असाल: रेटच्या निम्म्यापर्यंतचेच स्वर टिकतात. म्हणजे ८ किलोहर्ट्झला ४ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक मुख्यतः त्याच वरच्या भागात असतो. आपण फोनवर नाव सांगताना ‘एस फॉर सातारा’ का म्हणतो, ते इथे कळतं. हेडफोनमधला इंजिनाचा आवाज अचानक डबक्यातून आल्यासारखा झाला तर समजा की मोड बदलला. प्रयोगासाठी वायरचा हेडसेट घ्या. महाग नको, वायरचा हवा.

गेन: शांत खोलीत लावू नका

इथे थोडं थांबू, कारण जास्तीत जास्त डेटा इथेच वाया जातो. डिजिटल आवाजाला वरून छत असतं, त्याला शून्य डेसिबल म्हणतात. लाट त्या छतावर आपटली की तिचा माथा सपाट होतो. हे क्लिपिंग. एकदा कापला गेलेला माथा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने खात्रीने परत येत नाही. म्हणून बोलण्यातले सर्वांत मोठे आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन ठेवायचा, असा साधारण प्रघात आहे. ‘मायक्रोफोन बूस्ट’ नावाची पट्टी असेल तर ती आधी शून्यावर आणा. ती १०, २०, ३० डेसिबल अशा उड्या मारते आणि आवाजाबरोबर खरखरही तेवढीच वाढवते.

पण हा गेन कधी लावायचा? बहुतेक जण सहभागीला बसवतात, ‘वन टू थ्री बोला’ म्हणतात, पट्टी हिरवी दिसली की सुरू. तिथेच घोळ आहे. १९११ साली एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने दाखवून दिलं की कानात गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. हेडफोनमध्ये टर्बोप्रॉप घुमत असताना तुमचा सहभागीही तेच करणार. शांततेत बरोबर बसलेला गेन उड्डाणाच्या वेळी छताला भिडेल. म्हणून गेन लावताना हेडफोनमध्ये प्रयोगातला सगळ्यात मोठा आवाज चालू ठेवा आणि सहभागीला खऱ्या आज्ञा वाचायला लावा. प्रत्येक सहभागीसाठी हे वेगळं करायचं आणि शेवटचा आकडा लिहून ठेवायचा.

मग वाटेल, गेन आपोआप जुळवणारी सोय असतेच की, ती चालू करू. व्हिडिओ कॉलसाठी ती चांगलीच आहे. सिम्युलेटरमध्ये मात्र माणूस दोन-तीन मिनिटं गप्प असतो आणि मग दोन शब्द बोलतो. त्या गप्प काळात स्वयंचलित गेन हळूहळू वर चढलेला असतो, त्यामुळे पहिला शब्द फुटून येतो. तो खाली बसेपर्यंत आज्ञा संपलेली असते. गोंगाट काढून टाकणाऱ्या फिल्टरचंही तसंच, तो शब्दाची मऊ सुरुवात खाऊ शकतो. दोन्ही बंद करा. ही सोय कधी विंडोजमध्ये असते, कधी हेडसेटच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, कधी दोन्हीकडे. तेव्हा एकीकडे बंद करून निश्चिंत होऊ नका.

माईक तोंडाच्या कोपऱ्याशी ठेवा, समोर नको. प, फ, भ म्हणताना हवेचा झोत सरळ जाळीवर बसतो. अंतराचं गणित सोपं आहे: अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ५ सेंटिमीटरवरचा माईक ४० वर नेला तर तीन दुपटी झाल्या, म्हणजे १८ डेसिबल गेले. खोलीतला पंखा मात्र होता तेवढाच राहतो. रेकॉर्डिंगमध्ये सतत गुणगुण असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ती थांबली तर वीजपुरवठ्यातली ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली हमिंग आहे.

चुका मोजताना

‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोनच रकाने ठेवू नका. न ऐकलेली आज्ञा, भलतीच समजलेली आज्ञा आणि कोणी काही न बोलता सुटलेली आज्ञा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कारणंही बहुधा वेगळी. पहिलीत पुश-टू-टॉक बटणाचा हात असू शकतो: माणूस बटण दाबता दाबताच बोलतो, पहिला अवयव कापला जातो आणि ‘गिअर अप’चं नुसतं ‘अप’ उरतं. ‘दाबा, क्षणभर थांबा, बोला’ हा सराव आधी करून घ्या. खऱ्या रेडिओवरही वैमानिकांना हेच शिकवतात. तिसरीमागे बहुतेक वेळा श्वास किंवा स्पीकर असतो.

दुसरी चूक कधीकधी खरोखर भाषेची असते. मराठीत एकच ‘व’ आहे, त्यामुळे इंग्रजीतले दोन ‘व’ आपण सहसा वेगळे काढत नाही. फक्त त्या फरकावर टिकून राहणाऱ्या आज्ञांची जोडी प्रयोगात ठेवूच नका. विमानवाहतुकीने हा प्रश्न कधीच ओळखला होता. म्हणून रेडिओवर नऊला ‘नायनर’ आणि तीनला ‘ट्री’ म्हणतात. पण उच्चाराला दोष देण्याआधी तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या माणसाला ऐकवा. त्यालाही कळत नसेल तर उच्चारावर निष्कर्ष काढायचा अधिकार तुम्हाला नाही, आधी माईक सुधारा.

व्हॉइसअटॅकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ओळखीच्या खात्रीची किमान मर्यादाही ठरवता येते. ती खाली आणली की न ऐकलेल्या आज्ञा कमी होतात आणि भलत्याच समजलेल्या वाढतात. मर्यादा पायलट अभ्यासात ठरवा आणि मुख्य प्रयोग सुरू झाल्यावर तिला हात लावू नका. ‘आज फारच चुकतंय, थोडी कमी करू’ असं केलंत तर त्या दिवसाआधीचा आणि नंतरचा डेटा एकत्र करता येणार नाही.

आणि प्रत्येक सत्राचा मूळ आवाज वेगळ्या फाइलमध्ये, कुठलीही प्रक्रिया न करता साठवा. फाइल असेल तर सहा महिन्यांनी परीक्षकाने विचारलं तरी पुन्हा ऐकून सांगता येतं. फक्त लक्षात घ्या, आवाजावरून माणूस ओळखता येतो. त्यामुळे रेकॉर्डिंग किती काळ ठेवणार, कोण ऐकणार आणि कधी पुसणार, हे संमतीपत्रात आणि नैतिकता समितीच्या अर्जात पहिल्या सहभागीच्या आधी लिहिलेलं असलं पाहिजे. समितीची मंजुरी मिळायला वेळ लागतो, तेव्हा हेडसेट मागवायच्या दिवशीच तो अर्जही लिहायला घ्या.