हिममानवाचा शोध : काही पथ्ये

हिमालयाच्या उंच प्रदेशात राहणाऱ्या लोकांमध्ये, माणसासारखा दोन पायांवर चालणारा एक केसाळ प्राणी असल्याची समजूत फार जुनी आहे. शेर्पा लोक त्याला ‘येती’ म्हणतात. मराठीत आपण ‘हिममानव’ म्हणतो. कित्येकदा ‘यती’ असेही लिहितो. परंतु संन्यासी या अर्थाच्या संस्कृत शब्दाशी या नावाचा काही संबंध नाही. असा प्राणी खरोखर आहे काय, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. त्याचा शोध कोणत्या रीतीने घ्यावा, हा प्रश्न त्या मानाने थोड्यांनीच विचारला. या लेखात आपण दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. कारण पहिल्याचे उत्तर पुष्कळ अंशी त्याच्यावरच अवलंबून आहे.

आरंभीची चूक शब्दाची होती. १९२१ साली एव्हरेस्टच्या पाहणीसाठी गेलेल्या ब्रिटिश पथकाला एका उंच खिंडीत बर्फावर मोठे ठसे दिसले. पथकाचे प्रमुख हॉवर्ड-बरी यांच्या मते ते लांडग्याचे असावेत. बरोबरच्या हमालांनी मात्र त्यांना एका वेगळ्या प्राण्याचे नाव दिले. ही हकीकत वृत्तपत्रात छापली जाताना त्या नावाचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि ‘किळसवाणा हिममानव’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग जगभर पसरला. ज्यांनी ते नाव उच्चारले, त्यांना त्याचा अर्थ नीट विचारून घेतला असता, तर पुढचा पुष्कळ गोंधळ टळला असता.

पुढे १९५१ साली एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवरील एका ठशाचे छायाचित्र घेतले. शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवली असल्यामुळे ठशाच्या आकाराची कल्पना येते. या छायाचित्राने कुतूहल एकदम वाढले. परंतु बर्फावरचा ठसा हा फसवा साक्षीदार आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उन्हाने त्याच्या कडा वितळतात आणि लहान पाऊल मोठे दिसू लागते. शिवाय अस्वल चालताना त्याचे मागचे पाऊल पुष्कळदा पुढच्या पावलाच्या ठशावर अंशतः पडते, आणि दोन्ही मिळून माणसाच्या पावलासारखा एकच लांबट ठसा उमटतो. म्हणून एकाच ठशाचे छायाचित्र पुरेसे नसते; ठशांची संपूर्ण रांग, दोन पावलांमधील अंतर, वेळ आणि बर्फाची स्थिती यांचीही नोंद हवी. कैलास-मानसरोवराच्या प्रदेशात दीर्घकाळ राहिलेले स्वामी प्रणवानंद यांनी १९५७ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, हे ठसे अस्वलाचेच होत, असे मत मांडले होते. तिबेटी बोलीतील शब्दांची त्यांना असलेली जाण येथे उपयोगी पडली.

आता दोन अवशेषांची कथा पाहू. एव्हरेस्टच्या वाटेवरील पांगबोचे येथील बौद्ध मठात येतीचा म्हणून एक वाळलेला हात जपून ठेवलेला होता. १९५९ साली एका शोधपथकातील माणसाने त्यातील बोटाची हाडे काढून घेतली व त्यांच्या जागी मानवी हाडे बसविली. ते बोट परदेशी गेले. यास मठाची कितपत संमती होती, याविषयी परस्परविरोधी हकिगती सांगितल्या जातात. लंडनच्या एका संग्रहात ते अनेक वर्षे दुर्लक्षित पडून राहिले. अखेर त्याची आनुवंशिक तपासणी झाली व २०११ साली निष्कर्ष जाहीर झाला : ते माणसाचे बोट होते. मठातील हात मात्र १९९० च्या दशकात चोरीस गेला. आज त्याची तपासणी करावयाची म्हटली, तरी ती करता येणार नाही.

दुसरी कथा खुमजुंग गावाची. तेथील मठात येतीची म्हणून एक शंकूच्या आकाराची केसाळ टोपीवजा कातडी होती. १९६० साली एडमंड हिलरी यांच्या पथकाला ती तपासावयाची होती. त्यांनी ती ठराविक मुदतीसाठी उसनी मागितली. गावकऱ्यांनी आपल्या अटी घातल्या, आणि गावातील एक मान्यवर, खुंजो चुंबी, स्वतः त्या वस्तूबरोबर शिकागो, पॅरिस व लंडन येथे गेले. ती कातडी सेरो या रानबोकडासारख्या हिमालयीन प्राण्याची असून साच्यावर ताणून तिला आकार दिला असावा, असे तज्ज्ञांनी ठरविले. वस्तू गावी परत आली. १९६१ साली खुमजुंगमध्ये हिलरी यांच्या साहाय्याने शाळाही उभी राहिली.

या दोन कथांतील भेद केवळ सौजन्याचा नाही. खुमजुंगची वस्तू कोठून आली, कोणी नेली आणि केव्हा परत आली, याविषयी वाद नाही. म्हणून तिच्यासंबंधीचा निष्कर्ष लगेच हाती आला. पांगबोचेच्या बोटासाठी मात्र अर्धशतक थांबावे लागले. संमती घेऊन केलेले काम नोंदीच्या दृष्टीनेही अधिक भक्कम ठरले.

ज्याचा शोध घ्यावयाचा, त्या प्राण्याविषयीही काही कर्तव्य असते. नेपाळ सरकारने १९५० च्या दशकाच्या अखेरीस येतीचा शोध घेणाऱ्या मोहिमांसाठी नियम केले. शुल्क भरून परवाना घ्यावा; प्राणी दिसल्यास स्वसंरक्षणाचा प्रसंग वगळता त्यास मारू नये; छायाचित्रे सरकारच्या स्वाधीन करावीत, असे ते होते. ज्याचे अस्तित्वच सिद्ध झाले नव्हते, त्याच्या जिवाची ही काळजी काहींना विनोदी वाटली. परंतु २०१७ साली येतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा आठ नमुने अस्वलांचे व एक कुत्र्याचा निघाला. त्या अस्वलांत हिमालयीन तपकिरी अस्वल होते, आणि त्याचे अस्तित्व आज संकटात आहे. हिममानव म्हणून झाडलेली गोळी बहुधा अशाच एखाद्या दुर्मिळ प्राण्याला लागली असती.

मग स्थानिक लोकांच्या कथा निरर्थक समजावयाच्या काय? मुळीच नाही. अरुणाचल प्रदेशातील तवांग व पश्चिम कामेंग भागांत मोनपा लोक एका माकडास ‘मुन झाला’, म्हणजे गहन अरण्यातील माकड, म्हणत आले आहेत. भारतीय संशोधकांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि २००५ साली विज्ञानाला अज्ञात असलेली माकडाची एक जाती प्रसिद्ध झाली. तिचे वर्णन छायाचित्रांच्या आधारे करण्यात आले. त्यासाठी एकही प्राणी मारला गेला नाही. शास्त्रीय नावातही मोनपांचा तो शब्द ठेवला गेला.

एका रानात कथेचे अस्वल होते, तर दुसऱ्या रानात लोकांनी सांगितलेले माकडच निघाले. कोठे काय निघेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून सांगणाऱ्याला हसू नये आणि त्याच्या तोंडी आपले शब्दही घालू नयेत. ‘तो दोन पायांवर चालत होता ना?’ असे न विचारता, ‘आपण काय पाहिले?’ असे विचारावे. सांगणाऱ्याच्याच शब्दांत ते टिपावे. देवस्थानातील वस्तूला परवानगीवाचून हात लावू नये. आणि जे उत्तर मिळेल, ते मग अस्वल असले तरी, प्रथम त्या गावाला जाऊन सांगावे. ज्या लोकांनी ती कथा पिढ्यानुपिढ्या जपली, त्यांना तिचे उत्तर ऐकण्याचा पहिला अधिकार आहे.