पाच कॅप्सूलींचा हिशेब

नव्वदच्या दशकात टीव्ही गेम खेळलेल्या पोरांना एक मंत्र तोंडपाठ होता: वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए. 'काँट्रा' या खेळाच्या सुरुवातीला तो मारला की ३० जीव मिळायचे. या मंत्राचा जन्म मात्र 'काँट्रा'तला नाही. १९८६मध्ये कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो आर्केडमधला 'ग्रेडियस' हा अवकाशयानाचा नेमबाजीचा खेळ फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर आणत होते. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळणं भाग होतं, आणि खेळ भलताच कठीण. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही बटणं बसवली. दाबली की यानाला बहुतेक सगळं सामान एकदम मिळे.

एरवी ते कमवावं लागतं. १९८५च्या मूळ खेळात शत्रूंची रांग पुरती पाडली की लाल कॅप्सूल सुटते. ती उचलली की तळाच्या पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो: वेग, क्षेपणास्त्र, डबल, लेझर, ऑप्शन, शेवटी कवच. बटण दाबलं की उजेडातली वस्तू आपली, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मग पहिल्याच कॅप्सूलला वेग घ्यायचा, की पाच जमेपर्यंत कळ काढून ऑप्शन मिळवायचा? ऑप्शन म्हणजे यानाच्याच वाटेने मागोमाग फिरणारा तेजाचा गोळा. यानाबरोबर तोही गोळ्या झाडतो आणि शत्रूच्या गोळीने फुटत नाही. त्याच्यासाठी थांबावं, तर हळू यान घेऊन गोळ्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते.

१९८६च्या 'सॅलॅमँडर' या 'ग्रेडियस'च्या भावंड-खेळाने ही पट्टीच काढून टाकली. उचललं की शस्त्र लगेच हातात. खेळ सुटसुटीत झाला, दोघांना एकत्र खेळता आलं, पण हिशेबाची ती रग त्यात राहिली नाही.

१९८८चा 'ग्रेडियस टू' पट्टीकडे परतला, आणि माझ्या मते या मालिकेतला तोच सर्वांत नेमका खेळ. उड्डाणाआधीच चार संचांतून एक निवडायचा. पहिल्यात जुनी, ओळखीची शस्त्रं. दुसऱ्यात स्प्रेड बॉम्ब आणि मागे मारणारी टेल गन. तिसऱ्यात फोटॉन टॉर्पेडो आणि पुढे जाता जाता रुंदावत जाणाऱ्या कड्यांचं रिपल लेझर. चौथ्यात वर-खाली सुटणारी क्षेपणास्त्रं, टेल गन आणि रिपल. कवचही दोन प्रकारचं. त्यात जमवलेले ऑप्शन पळवून नेणारा ऑप्शन हंटर याच भागात आला. यान फुटलं की सगळं जातं आणि रिकाम्या हातांनी मागच्या टप्प्यावर उभं राहावं लागतं. ही शिक्षा मला आजही जास्तच कठोर वाटते.

१९८९च्या 'ग्रेडियस थ्री'ने प्रत्येक शस्त्र वेगवेगळं निवडायची मुभा दिली. अनेकांना ती प्रगती वाटली. मला दुसऱ्या भागातली अडवणूक अधिक प्रिय आहे. तिथे रिपल हवं असेल तर स्प्रेड बॉम्बवर पाणी सोडावं लागतं, आणि ते पहिली गोळी सुटण्याआधीच ठरवावं लागतं.